ओटावाच्या हिवाळ्यात कोणता बाक टिकेल?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकत असेल तर कळेल. तुम्ही कॅनडातल्या ओटावात राहता. वडिलांचं वर्षश्राद्ध नोव्हेंबरमध्ये आहे आणि त्याआधी टाउनहाउस संकुलाच्या सामायिक हिरवळीवर त्यांच्या नावाचा बाक बसवायचा आहे. संकुलाच्या बोर्डाने होकार दिला आहे, जागाही दाखवली आहे: टपालपेट्यांच्या शेजारी, पायवाटेला लागून. तुमच्यासमोर तीन पर्याय आहेत. कोल्हापूरहून बिडाचे (कास्ट आयर्नचे) पाय आणि सागवानी फळ्या मागवायच्या, किंवा गावच्या बागेत असतो तसा सिमेंटचा बाक इथेच कुणाकडून ओतून घ्यायचा, किंवा रिसायकल प्लास्टिकचा तयार बाक घ्यायचा. यातला उणे तीसमध्ये कोणता टिकेल, असं तुम्ही विचारलंय.

उणे तीसमध्ये तिन्ही टिकतील. बाकाची वाट लागते ती शून्याच्या आसपास.

मी ऑन्टारिओत बागेतल्या आणि रस्त्यावरच्या बैठकांच्या कामात बरीच वर्षं आहे. आधी कारखान्यात ड्रॉइंग करायचो, आता देखभालीची कंत्राटं बघतो. इतक्या काळात कडाक्याच्या थंडीने मोडलेला बाक क्वचितच पाहिला. ओटावात जानेवारीत पारा आठवडाभर शून्याच्या वर येत नाही. तेव्हा जे गोठलंय ते गोठलेलंच राहतं आणि बाक निवांत असतो. खरं नुकसान नोव्हेंबर, मार्च आणि एप्रिलमध्ये होतं. दुपारी बर्फ वितळून पाणी फटीत शिरतं, रात्री तिथेच गोठतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा वितळून थोडं आणखी आत जातं. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं. त्या वाढीला जागा मिळाली तर ठीक, नाही तर ती आजूबाजूचं फोडून जागा करून घेते. म्हणून टोरांटोची थंडी तुमच्यापेक्षा सौम्य असली तरी तिथल्या बाकांचे हाल कमी नसतात, कारण तिथे पारा शून्याची रेषा सारखा ओलांडत असतो. कॅलगरीत चिनूक, म्हणजे डोंगरावरून उतरणारा ऊबदार वारा, सुटला की काही तासांत वीस अंशांचा फरक पडतो. याउलट लेहमध्ये हिवाळ्यात उणे वीसपर्यंत जातं, पण पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला जेमतेम 100 मि.मी. पाणी पडतं. तिथे लाकूड कुजत नाही, उन्हाने तडकतं. थंडी तीच, पण बाक वेगळ्या कारणाने जातो.

दुसरा शत्रू मीठ. टपालपेट्यांजवळ बाक म्हटल्यावर माझे कान टवकारले ते यामुळेच. तिथे लोक रोज येतात, घसरून पडू नयेत म्हणून कंत्राटदार तिथे सढळ हाताने मीठ टाकतो. साधं मीठ उणे दहाच्या खाली फारसं काम करत नाही, तरी टाकलं जातंच. ते बुटांना चिकटून बाकाखाली येतं, स्नोब्लोअरच्या, म्हणजे बर्फ उडवणाऱ्या यंत्राच्या, फवाऱ्यातून पायांवर बसतं आणि वसंतातल्या पहिल्या पावसापर्यंत तिथेच राहतं. बाकाच्या पायाचा जमिनीलगतचा वीतभर भाग हा सगळ्यात आधी जाणारा भाग. बाक बघायला गेलो की मी बैठकीकडे नंतर बघतो, आधी गुडघे टेकून तो वीतभर भाग बघतो.

एक नमुना सांगतो. एका संकुलात पोकळ चौकोनी पाइपच्या पायांचा बाक होता, वरून सुंदर काळं पावडर कोटिंग, म्हणजे भुकटी चढवून भट्टीत भाजलेला रंग. एप्रिलमध्ये बोलावलं तेव्हा तक्रार होती की बाक डुगडुगतोय. पायाच्या तळाशी, बेसप्लेटच्या (पायाखालच्या सपाट पट्टीच्या) दोन बोटं वर, पाइपची कड उभी उकलली होती, आत करंगळी जाईल एवढी. वरच्या बोल्टच्या भोकातून पाणी आत जात होतं आणि खाली बाहेर पडायला वाट नव्हती. पाइप तळाशी भरला, गोठला, फुटला. कोटिंग जिथे फाटलं तिथून गंज आत पसरला होता आणि नखाने उचकटलं तर रंगाचा पापुद्रा तळहाताएवढा सुटून हातात आला. पोलादाचा दर्जा उत्तम होता. तळाला 8 मि.मी.चं एक भोक असतं तर तो बाक आज उभा असता.

म्हणून 'कोणतं मटेरियल' हा प्रश्न मी जरा मागे ठेवतो. बाकावर पाणी कुठे साचतं, मीठ कुठवर पोचतं आणि काही मोडलं तर सुटा भाग कोण बदलणार, ही उत्तरं मिळाली की मटेरियलचं ठरवणं सोपं होतं. तरी तुम्ही तीन पर्याय दिलेत, तर ते एकेक करून घेऊ.

सागापासून सुरुवात करतो, कारण त्याबद्दल तुम्हाला सगळ्यात जास्त धास्ती दिसते. तुमच्या मावशींनी आणलेला सागवानी झोपाळा इथे पहिल्याच हिवाळ्यात तडकला, असं तुम्ही लिहिलंय. तो घरात तडकला, आणि कारण थंडी नव्हती. हिवाळ्यात हीटिंग चालू असतं तेव्हा घरातली हवा वाळवंटासारखी कोरडी होते, लाकूड भराभर आक्रसतं आणि जोड उघडतात. बाहेर तशी परिस्थिती नसते. शिवाय लाकूड गोठून फुटत नाही. त्याच्या पेशींच्या पोकळ्यांत हवा असते, बर्फाला वाढायला जागा मिळते. हिवाळाभर कुजण्याची प्रक्रियाही बंद असते, कारण ती बुरशीमुळे होते आणि बुरशीला ऊब लागते. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या वर राहिला आणि हवा ऊबदार झाली की ती कामाला लागते, म्हणजे एप्रिल-मेपासून. हिवाळ्याने मुरवलेलं पाणी वसंतात लाकूड खातं, असा तो हिशेब आहे.

तेव्हा साग चालेल का? चालेल, पण गाभ्याचा हवा. सालीकडचा फिकट भाग कुजण्याच्या बाबतीत कुठल्याही सामान्य लाकडासारखाच असतो, त्याला 'साग' या नावाचा काही उपयोग नाही. हल्ली लागवडीच्या कोवळ्या झाडांच्या फळ्यांत तो पांढुरका पट्टा हमखास येतो. वखारवाल्याला आधीच सांगून ठेवा की पांढरा भाग असलेली फळी घेणार नाही, आणि पॉलिश करण्याआधीचे फोटो मागा. पॉलिश चढलं की सगळं सारखंच दिसतं.

फळीचा सर्वात कमकुवत भाग म्हणजे तिचं टोक. लाकूड टोकाकडून जितकं पाणी पितं त्याच्या कितीतरी कमी ते रुंद बाजूने पितं. म्हणून टोकं जोडात लपलेली नसावीत, मोकळी असावीत, आणि त्यांवर तेल किंवा मेण दोन-तीनदा जिरेपर्यंत लावावं. दोन फळ्यांमध्ये 10-12 मि.मी. फट ठेवा, वरच्या कडा गोल करा. बोल्ट खालून यावेत. वरून खोलगट भोक पाडून त्यात बोल्टचं डोकं बसवायचं आणि वर लाकडी बूच ठोकायचं, ही आपल्याकडच्या सुतारांची आवडती रीत आहे आणि दिवाणखान्यात ती शोभते. बाहेर ते बूच दोन हिवाळ्यांत वर येतं आणि खाली पाण्याची वाटी तयार होते. असे बाक मी उघडलेत: बोल्टभोवती लाकूड काळं पडलेलं, टोच्याने दाबलं तर पेरभर आत जातं, आणि त्याच फळीचा दोन इंच बाजूचा भाग खणखणीत.

व्हार्निश लावू नका. चकचकीत थर सुंदर दिसतो, पण एकदा तडा गेला की पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट उरत नाही. वर्षातून एकदा तेल लावा, नाही तर सरळ काही लावू नका. साग राखाडी होईल, पण राखाडी साग कमकुवत नसतो. हे बोर्डाला आधी सांगून ठेवा, नाही तर दुसऱ्या वर्षी कुणीतरी उत्साहाने तपकिरी डेक-पेंट फासेल.

आता बिडाचे पाय. नक्षीदार, काळे, जुन्या बागेतल्यासारखे, ते मलाही आवडतात. पण बीड ठिसूळ असतं. थंडीमुळे नव्हे, जात्याच. त्यातला कार्बन पातळ पाकळ्यांच्या रूपात पसरलेला असतो आणि मार बसला की त्या पाकळ्यांच्या ओळीने भेग धावते. पायवाट साफ करणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरचं पातं बर्फाखाली न दिसलेल्या पायावर आपटलं की पोलादी पाय वाकेल, पण बिडाचा तुकडा पडेल. तो तुकडा वेल्ड करणं महाकर्मकठीण. कोल्हापुरातूनच ओतून घ्यायचे असतील तर फाउंड्रीत एसजी आयर्न मागा. त्यात कार्बन गोळ्यांच्या रूपात असतो, त्यामुळे ते आघात बरंच जास्त सोसतं. तिथल्या फाउंड्र्या वाहनांचे भाग बनवतात, त्यांना हे नवीन नाही. प्रश्न असतो तो नगाचा. दोन पायांसाठी साचा करून द्यायला सहसा कुणी तयार होत नाही, तयार साच्यातलं साधं बीडच गळ्यात मारतात. आणि रंग? बिडावर रंग चांगला टिकतो, पण पायवाटेच्या बाजूने दर दोन-तीन वर्षांनी डागडुजी करावीच लागते.

माझी पसंती विचाराल तर पायांसाठी गरम जस्तात बुडवून काढलेलं पोलाद. सुमारे 450 अंशांच्या वितळलेल्या जस्तात अख्खी फ्रेम बुडवतात. 6 मि.मी.पेक्षा जाड पोलादावर सरासरी 85 मायक्रॉनचा थर बसतो, आणि तो आतूनही बसतो, पोकळ पाइपच्या पोटातही. त्यासाठी पाइपला भोकं ठेवावीच लागतात, नाही तर बुडवताना कोंडलेल्या हवेने आणि ओलाव्याने तो फुटू शकतो. म्हणजे पाणी बाहेर पडायची भोकं आपोआप मिळाली. ओरखडा उठला तरी शेजारचं जस्त स्वतः झिजून पोलाद वाचवतं. काळा रंग हवाच असेल तर त्यावर पावडर कोटिंग करता येतं, मात्र जस्ताचा पृष्ठभाग आधी हलक्या हाताने वाळूने खरखरीत करून घ्यावा लागतो. नुसतं पोलादावर केलेलं पावडर कोटिंग मिठाच्या जागी घेऊ नका. वर सांगितलेला उकललेला पाय तोच होता.

ओतीव अॅल्युमिनियमही चांगलं, ते तांबडं गंजत नाही. पण त्यात स्टेनलेसचे बोल्ट थेट बसवले आणि खारट पाणी आलं की दोन धातूंत वीजरासायनिक भांडण लागतं आणि अॅल्युमिनियम हरतं. मध्ये नायलॉनचा वॉशर आणि बोल्टभोवती बुशिंग (नायलॉनची नळी) घातलं की मिटलं. बोल्ट 316 प्रतीच्या स्टेनलेसचे घ्या. त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे मिठापुढे ते नेहमीच्या 304 प्रतीपेक्षा चांगलं टिकतं. सगळ्या बाकाला मिळून मूठभर बोल्ट लागतात, तिथे पैसे वाचवू नका.

सिमेंटच्या बाकाबद्दल तुमच्या मनात काय आहे ते मला चांगलं कळतं. मोझॅकची बैठक, पाठीवर लाल अक्षरांत 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ', खाली देणगीदाराचं नाव आणि कधीकधी त्याहून मोठ्या अक्षरांत नगरसेवकाचं. महाराष्ट्रात तो बाक पाऊस, ऊन, क्रिकेटचे स्टंप म्हणून झालेला वापर, सगळं सोसतो. इथे तोच बाक फार जगणार नाही. काँक्रीट सच्छिद्र असतं, पाणी पितं. इथल्या काँक्रीटमध्ये म्हणून मुद्दाम 5 ते 8 टक्के हवा सूक्ष्म बुडबुड्यांच्या रूपात मिसळतात, म्हणजे गोठणाऱ्या पाण्याला पसरायला जागा राहते. मीठ आणि गोठण-वितळण दोन्ही सोसायचं असेल तर कॅनडाच्या मानकात सळयांच्या कामासाठी सी-1 नावाचा वर्ग आहे: किमान 35 मेगापास्कल ताकद, आणि पाण्याचं वजन सिमेंटच्या फार तर 0.40 पट. ओळखीचा गवंडी मागच्या अंगणात पिशवीतलं मिश्रण कालवून देईल त्यात ही हवा नेमकी किती आली ते कळायला मार्ग नाही. त्यात आपल्या बाकांच्या पातळ बैठकीत सळईवर काँक्रीटचं आवरण जेमतेम अंगठाभर. मीठ तिथवर पोचलं की सळई गंजते, गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट होतं, आणि बैठकीची खालची बाजू ढलपे टाकू लागते. काँक्रीटचाच बाक हवा असेल तर प्रीकास्ट, म्हणजे साच्यात तयार ओतलेला माल करणाऱ्या, कारखान्यातून घ्या आणि हवेचं प्रमाण व वर्ग लिहून मागा. पण हिवाळ्यात त्यावर बसून दाखवा! काँक्रीट लाकडापेक्षा कितीतरी वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. तुमच्या आई त्यावर बसणार असतील तर लाकडी बैठकच बरी.

प्लास्टिकचं थोडक्यात सांगतो. ते कुजत नाही, मिठाला भीक घालत नाही, रंगवावं लागत नाही. दोन गोष्टी बघा. एक, ते निव्वळ एचडीपीई (घट्ट, जाड पॉलिथिन) आहे की दुसरं प्लास्टिक मिसळलेलं. एचडीपीई उणे तीसमध्येही चिवट राहतं. पॉलिप्रोपिलीन शून्याच्या खाली ठिसूळ होतं आणि स्वस्त मिश्रणात ते भरपूर असू शकतं. दुसरं, प्लास्टिक फार ताणतं-आक्रसतं. सहा फुटी फळी उणे तीसपासून उन्हातल्या चाळीसपर्यंत जाताना दीड सेंटिमीटरच्या आसपास लांबते, तेवढंच पोलाद जेमतेम दीड मिलिमीटर. फळीला लांबट भोकं नसतील तर ती कमानीसारखी वाकते किंवा बोल्टपाशी फाटते. आणि मधे पुरेसे आधार नसतील तर उन्हाळ्यात पोटात झोळ येतो. हे सांभाळलेला बाक असेल तर देखभालीच्या दृष्टीने तो तुमच्या यादीत पहिला. दिसायला मला तो आवडत नाही, पण ते माझं मत झालं.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: लाकूड चालेल, गाभ्याचं आणि मोकळ्या टोकांचं, पाय जस्तात बुडवलेले किंवा अॅल्युमिनियमचे, साधं बीड पायवाटेच्या कडेला नको, अंगणात ओतलेलं काँक्रीट तर नकोच.

आता बाकाच्या खाली काय, याबद्दल कुणी विचारत नाही आणि बहुतेक भांडणं त्यावरूनच होतात. ओटावाच्या बऱ्याच भागात जमिनीखाली लेडा क्ले आहे, जुन्या समुद्राच्या तळाची बारीक चिकणमाती. ती पाणी धरते, आणि थंडी खाली उतरत जाते तशी खालचं पाणी वर ओढून आत बर्फाच्या पापुद्र्यांचे थर तयार होतात. मग तव्यावरची भाकरी फुगावी तशी जमीन फुगते, आणि सगळीकडे सारखी नाही. वसंतात ती खाली बसते, पण बाक जिथून उचलला तिथेच परत बसेल याची खात्री नसते.

इथले कंत्राटदार यावर एकच उत्तर देतात: खोल जा. ऊब नसलेल्या पायासाठी ओटावात साधारण 1.8 मीटर खोली धरतात. घरासाठी ते बरोबर आहे. बाकासाठी एवढा खड्डा खणणं मला जड वाटतं, आणि अर्धवट केलं तर ते उथळ पायापेक्षा वाईट. दीड-दोन फूट खोल काँक्रीटचे खांब ओतले की माती गोठताना त्यांच्या खरबरीत अंगाला धरते आणि खांबच वर उपसते. पुढचे दोन खोल आणि मागचे दोन उथळ केले तर बाक तिरकाच होणार. मी दोनपैकी एक करतो. शक्य असेल तिथे अख्खा बाक एका स्लॅबवर बसवतो आणि स्लॅबला जमिनीबरोबर वरखाली होऊ देतो. खाली फुटभर खडी, तिच्याखाली माती वर येऊ नये म्हणून जिओटेक्स्टाइलचं कापड, वर 150 मि.मी. स्लॅब, पाणी निघून जाईल असा मीटरला 2 सें.मी. उतार. स्लॅब हलतो, पण चारही पाय एकत्र हलतात, त्यामुळे जोडांवर ताण येत नाही. जागा उताराची किंवा फारच पाणथळ असेल तर हेलिकल पाइल, म्हणजे मोठ्या स्क्रूसारखे पोलादी खांब, गोठणाऱ्या थराच्या खाली पिरगाळून घालायचे. ते गुळगुळीत आणि बारीक असल्याने मातीला पकडायला कमी जागा मिळते.

पाय स्लॅबला बसवताना भोक कडेपासून किमान 10 सें.मी. आत घ्या आणि त्यात आटे असलेला दांडा इपॉक्सी गोंद भरून बसवा. ठोकून फुगवायचा अँकर घातला तर त्याच्या भोवती पोकळी उरते, तिथे पाणी गोठतं आणि स्लॅबचा कोपरा ढलपून निघतो. बेसप्लेटखाली सिलिकॉनचा गोल वळसा घालून सगळं बंद करायची हौस इथेही अनेकांना असते. एक बाजू उघडी ठेवा, पाण्याला जाऊ द्या.

जागेबद्दल बोर्डाशी पुन्हा बोला. टपालपेट्यांजवळ बाकाचा उपयोग होईल हे खरं, वयस्क मंडळी टेकतील. पण बाक पायवाटेच्या कडेपासून निदान मीटरभर मागे हवा, आणि बर्फ साफ करणारा तो कुठे ढकलतो हे त्याला विचारून घ्या. त्याने ढीग नेहमी त्याच कोपऱ्यात घातला तर मीठ आणि वाळू मिसळलेल्या बर्फाच्या डोंगराखाली बाक एप्रिलपर्यंत दबून राहील. दर्शक म्हणून हिवाळ्यात पाठीला एक उंच नारिंगी काठी बांधा, म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला कळेल. ऊन मिळणारी जागा निवडा. उन्हाच्या बाजूला गोठण-वितळणीच्या फेऱ्या थोड्या जास्त होतात हे मान्य, पण बाक लवकर सुकतो आणि लोक तिथे बसतातही. सावलीतला बाक उत्तम टिकून रिकामा राहण्यापेक्षा हे बरं.

तुमच्या जागी मी असतो तर फ्रेम इथे बनवून घेतली असती. फळ्या हव्या तर सागाच्या आणल्या असत्या, आणि एकाच वेळी दोन जादा फळ्या त्याच भोकांसकट करून तळघरात ठेवल्या असत्या. पाच-सात वर्षांनी एक फळी गेली की कोल्हापूरला फोन करत बसावं लागत नाही. लाकडी खोक्यातून सामान येणार असेल तर त्या खोक्यावर आयएसपीएम 15 चा शिक्का असायला हवा, म्हणजे त्या लाकडातली कीड मारली आहे याची खूण, सहसा गाभ्यापर्यंत 56 अंशांना 30 मिनिटं तापवून. नसेल तर माल बंदरातच अडकतो. हे सगळं नको असेल तर इथला व्हाइट ओक किंवा उष्णता देऊन कुजण्याला पक्की केलेली अॅश घ्या, दोन्ही चांगली आहेत.

पाटी मात्र जरूर तिकडून आणा. काशाची, ओतीव. देवनागरीत नाव हवं असेल तर इथले पाटीवाले फाँट बिघडवतात, वेलांट्या अक्षराच्या भलत्या बाजूला जातात आणि जोडाक्षरं फुटतात. तिकडे करून घेतानाही दोन गोष्टी सांगा. अक्षरं खोल किंवा ठसठशीत उठावाची असू द्यात, रंग भरलेली नकोत, कारण खाचेतला रंग पाणी गोठून सुटतो. आणि अनुस्वार अक्षराला साजेसा मोठा घ्या. बारीक टिंब आधी जातं आणि शांताराम यांचा शाताराम होतो. पाटी पाठीच्या फळीवर वरून बसवा, फळीत खोबण कोरून नको. ती खोबण म्हणजे पाण्याचं ताटच. मागे दोन मिलिमीटरचे वॉशर ठेवले की हवा खेळते.

देखभाल फार नाही, पण ती कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा, बोर्डाच्या नोंदीत. एप्रिलच्या शेवटी होजपाइपने बाक आणि स्लॅब धुवायचा, पायांचा खालचा भाग नीट. मीठ ऊबेत जास्त जोमाने काम करतं, ते उन्हाळ्याआधी गेलं पाहिजे. बोल्ट आवळायचे, फळ्यांची टोकं टोच्याने दाबून बघायची. हिवाळ्यात बर्फ झाडूने झटकायचा, जमलेला बर्फ फावड्याने खरवडायचा नाही आणि त्यावर गरम पाणी ओतायचं नाही. प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळून झाकणारेही असतात. आत ओलावा कोंडतो आणि मार्चमधल्या पहिल्या उबदार दिवसापासून बुरशीला आयती खोली मिळते. काही नगरपालिका बाक उचलून हिवाळाभर गोदामात ठेवतात, तेही चालतं. पण बसायला बाक हवा तो बर्फातही, असं मला वाटतं. तुमच्याच शहरात गोठलेल्या रिडो कालव्यावर 7.8 किलोमीटरच्या बर्फावर लोक बाकांवर बसूनच तर स्केट्स बांधतात.

राहिला नोव्हेंबर. सगळ्यात घाई होते ती स्लॅबची. नव्या काँक्रीटला ताकद यायला महिनाभर लागतो, आणि मीठ पडायच्या आधी त्याला आणखी काही आठवडे कोरडं व्हायला मिळावे लागतात. ऑक्टोबरात ओतलेला स्लॅब पहिल्याच हिवाळ्यात वरचा पापुद्रा सोडताना मी वारंवार बघतो. म्हणून ऑगस्ट अखेरपर्यंत तो ओतून झाला तरच या वर्षी स्लॅबवर बाक बसवा. तोवर फ्रेम किंवा फळ्या आल्या नसतील तर काळजी नको, स्लॅब नुसता पडून राहिला तरी चालतो. ऑगस्ट हुकला तर खडीचा थर दाबून घ्या, त्यावर दोन जाड प्रीकास्ट फरश्या टाका आणि बाक त्यांवर तात्पुरता बसवा. फरश्या कारखान्यात तयार होऊन पूर्ण वाळलेल्या असतात, त्यांना पहिल्या मिठाची भीती नाही. वर्षश्राद्धाला बाक जागेवर असेल, पाटीही असेल. जूनमध्ये जमीन पुरती वितळून बसली की चार बोल्ट काढायचे, बाक बाजूला घ्यायचा आणि त्याच खडीवर स्लॅब ओतायचा. पाय फ्रेमला कसे जोडलेत ते ठरवताना कारागिराला ही योजना सांगा, म्हणजे तो वेल्ड न करता बोल्टने जोडेल.